तिला तूच सांग

पंचवटी, नाशिक

चि. बाळास मावशीचे अनेक आशीर्वाद.

जहाजावरच्या त्या मुलीत तुझा जीव गुंतला, यावरून मी तुला बोल लावणार नाही. सहा-सात महिने तेच डेक, तीच मेस, तेच चेहरे. अशा ठिकाणी मन ओढ घेतंच. पण साखरपुडा झालेली मुलगी इकडे सिन्नरला आहे आणि तिला तू अंधारात ठेवलं आहेस, हे मला सोसवत नाही.

रविवारी ती आली होती. तुझं जहाज कुठे आहे ते रोज मोबाइलवर बघते. म्हणाली, "मावशी, काल बार्सिलोनाला लागलं होतं. हा तर म्हणाला, भर समुद्रात आहे, रेंज नाही. अ‍ॅप चुकत असेल, नाही का?" मला उत्तर सुचेना.

नानावटी खटला तुला गोळ्यांमुळे ठाऊक असेल. मला त्यातलं दुसरंच टोचतं. कमांडर कावस नानावटी वरचेवर बोटीवर असत. मुंबईत पत्नी सिल्व्हियाचं मन प्रेम आहुजाकडे वळलं. १८ एप्रिल १९५९ला ते परतले, तिने सांगितलं २७ला. त्याच दुपारी हा नावाजलेला अधिकारी आपल्याच जहाजावर गेला आणि रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचंय, अशी थाप मारून रिव्हॉल्व्हर घेऊन आला. आहुजाचा जीव गेला, नानावटींना जन्मठेप झाली, आणि त्या घरात तीन लहान मुलं होती. फसवणूक शिरली की सरळ माणसंही खोटं बोलू लागतात. बघ ना, आता मीही त्या पोरीसमोर गप्प बसते आहे.

लग्न ठरलंय म्हणून तिने पुण्याची बदली नाकारली. तुझ्या मौनावर विसंबून ती असे निर्णय घेते आहे रे!

जहाजावरच्या मुलीला साखरपुड्याचं सांगितलं आहेस का? नसेल तर आधी ते सांग. तिच्याशी पुढचं ठरवायला साइन ऑफपर्यंत थांब. जमिनीवर आल्यावर दोघांना काय वाटतं ते बघा. सिन्नरच्या पोरीला मात्र ताटकळत ठेवू नकोस. तिकडचं फिसकटलं तर इकडे आहेच, असा हिशेब मनात असेल तर तो आजच पुसून टाक.

पुढच्या बंदरात उतरलास की तिला फोन कर. मेसेज नको, आईकरवी तर नकोच. ती रडेल, वाट्टेल ते बोलेल. फोन ठेवू नकोस. गंगापूर रोडच्या हॉलचं, दागिन्यांचं, व्याह्यांचं आम्ही निस्तरू. भाऊजींशी मी बोलते.

तुझी
मावशी