छापले म्हणजे सिद्ध झाले काय?

आमच्या घरात छापील कागदाला चुकून पाय लागला, तर तो उचलून कपाळाला लावतात. छापलेले ते खरेच असणार, अशी माझीही समजूत होती. शास्त्रीय नियतकालिकांतील संशोधनाला ती कितपत लागू पडते, हे एका डॉक्टरांच्या उदाहरणावरून पाहू.

ऑस्ट्रेलियातील सिडनीचे प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांचे एक छोटेसे पत्र डिसेंबर १९६१ मध्ये ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. गरोदरपणी थॅलिडोमाइड हे औषध घेतलेल्या स्त्रियांच्या बालकांत गंभीर व्यंगे आढळतात, असे सांगून इतरांचाही तसा अनुभव आहे काय, असे त्यांनी विचारले होते. पश्चिम जर्मनीत विडुकिंड लेन्झ स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले होते आणि तेथे नोव्हेंबर १९६१ मध्येच ते औषध बाजारातून काढून घेण्यात आले होते. अनेकांच्या निरीक्षणांनी मॅकब्राइड यांची शंका खरी ठरली. त्यांची कीर्ती जगभर पसरली.

पुढे १९८२ मध्ये याच मॅकब्राइड यांचा एक लेख ‘ऑस्ट्रेलियन जर्नल ऑफ बायॉलॉजिकल सायन्सेस’मध्ये आला. हायोसीन या औषधाचा गाभण सशांच्या पिल्लांवर होणारा परिणाम, हा त्याचा विषय. फिल वार्डी व जिल फ्रेंच या सहकाऱ्यांची नावे त्यांच्या नकळत सहलेखक म्हणून घातलेली होती. लेखातील सशांची संख्या व औषधाच्या मात्रा प्रत्यक्ष प्रयोगाशी जुळत नाहीत, हे त्या दोघांच्या लक्षात आले. १९८७ मध्ये पत्रकार नॉर्मन स्वॉन यांनी हे प्रकरण नभोवाणीवरून उघडकीस आणले. १९९३ मध्ये मॅकब्राइड दोषी ठरले आणि डॉक्टरांच्या नोंदणीपटावरून त्यांचे नाव कमी झाले.

येथे कोणीही विचारील, की संपादक लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतात ना? घेतात. परंतु परीक्षकापुढे फक्त लेख असतो. ससे नसतात, प्रयोगशाळेतील नोंदवहीही नसते. तर्कातील चूक त्याला दिसते, बदललेला आकडा सहसा दिसत नाही. तो ओळखतो प्रयोगाच्या वेळी हजर असलेला सहकारी, किंवा तोच प्रयोग पुन्हा करून पाहणारा दुसरा संशोधक. औषधाच्या बाबतीत ही तपासणी चुकली, तर किंमत रुग्णाला मोजावी लागते.

तेव्हा प्रसिद्धी हा संशोधनाचा शेवट नसून तपासणीचा आरंभ होय. पहिल्या पत्रात मॅकब्राइड यांनी इतरांना विचारले होते. दुसऱ्या लेखात जवळच्या सहकाऱ्यांनाही विचारले नाही. फरक एवढाच, आणि तोच सर्व काही.

छापील कागद मी यापुढेही कपाळाला लावीन. मात्र त्यानंतर तो उघडून, हे कोणी व कसे पडताळले, एवढे विचारल्याशिवाय राहणार नाही.