भरलेली बाटली

मुलगी शाळेतून आली की तिची पाण्याची बाटली एकदा उचलून बघा. सकाळी भरून दिलेली तशीच परत आली असेल, तर लगेच ओरडू नका. पाणी प्यायलं की शाळेच्या बाथरूममध्ये जावं लागतं. तिथे कडी लागत नाही, नळाला पाणी नसतं आणि पॅड कुठे टाकायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. त्यावर तिने आपल्या परीने काढलेला हा तोडगा. भर मे महिन्यात जॅकेट घालून क्लासला जाणं, खांदे आवळून चालणं, कबड्डीतून अचानक नाव काढून घेणं, हेही बदलत्या शरीरावरचे तिचे असेच तोडगे. आपण त्याला नखरे म्हणतो. (पालकसभेत मार्कांवर तासभर बोलणारे आपण त्या कडीबद्दल कधी बोललो?)

मुलींच्या शरीरात बदल साधारण 8 ते 13 या वयात सुरू होतात. आधी छाती वाढू लागते, उंची भराभर वाढते आणि पाळी त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी येते. म्हणजे बरंच काही चौथी-पाचवीतच सुरू झालेलं असतं आणि आपण मात्र ‘अजून लहान आहे’ म्हणून गप्प. तोवर वर्गातली एखादी मैत्रीण ऐकीव माहिती देऊन मोकळी होते. पहिली काही वर्षं पाळी मागेपुढे होते, 45 दिवसांपर्यंत लांबली तरी चालतं, एवढं जरी कानावर घातलं तरी तिचा केवढा घोर मिटतो!

चिडचिड आणि थकवा ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वयाच्या शंभरातल्या 59 मुलींना रक्तक्षय होता.

आता बाबांशी थोडं. काल-परवापर्यंत गळ्यात पडणारी लेक वयात आली आणि तुम्ही एकदम लांब झालात. संकोचाने झालात, कबूल. तिला मात्र वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. बोलायला जमत नसेल तर निदान दुकानातून पॅड आणा, तेही काळ्या पिशवीशिवाय. घरात अजून ‘चार दिवस’ पाळत असतील तर आजीशी वाद तुम्ही आई-बाबांनी घाला. पोरीला मध्ये उभं करू नका.

दर महिन्याला शाळा बुडावी इतकं पोट दुखत असेल, तासा-दोन तासांनी पॅड भिजत असेल किंवा पंधरा वर्षं होऊनही पाळी आली नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. जेवण टाकणं, कोंडून घेणं, स्वतःला इजा करणं दिसलं तर थांबूच नका. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ही असतं. तिथे गेलात की पहिली दहा मिनिटं तिला एकटीला बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा. आणि परतताना ‘काय बोललीस?’ असं विचारू नका.