रानडुक्कर, वारा आणि तीरकमठा

भाताचीं कणसें भरूं लागलीं कीं मनोर, बोईसर व डहाणू यांच्या पूर्वेकडील डोंगरांच्या पायथ्याशीं असलेल्या शेतांवर रानडुकरांची धाड पडते. कळप जेवढें खातो त्याहून कितीतरी अधिक तुडवून टाकतो. हें संकट जुनें आहे. आणि या टापूंतील वारली, कातकरी, मल्हार कोळी आदि लोकांच्या हातीं त्यावर जुना उपाय होता तो तीरकमठ्याचा. आज ही शिकार कायद्यानें बंद आहे. तथापि ती कशी होत असे आणि तिच्यामागें कोणतें ज्ञान होतें, हें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्याजोगें आहे. कारण शिकार बंद झाली तरी डुक्कर शेतांत येण्याचें थांबलेलें नाहीं. आणि ज्याला त्याचा स्वभाव ठाऊक आहे त्यालाच शेत राखतां येतें.

प्रथम प्राण्याची ओळख करून घेऊं. आपल्याकडील रानडुकराच्या मानेपासून पाठीपर्यंत राठ केसांची आयाळ असते. मोठा नर खांद्यापाशीं सुमारें ९० सेंटिमीटर उंच भरतो व त्याचें वजन १०० किलोग्रॅमच्या वर जाऊं शकतें. खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर सतत घासले जाऊन धारदार राहतात. मादी सुमारें चार महिने गाभण राहते व एका वेतास चार-सहा पिलें देते. म्हणून कळप लौकर वाढतो. या प्राण्याची दृष्टि मंद, कान तिखट आणि नाक सर्वांत तीक्ष्ण. जमिनीखालचा कंद हुडकून काढणाऱ्या त्या नाकाला झाडाआड बसलेल्या माणसाचा घाम कळल्यावांचून कसा राहील?

आतां आपल्या उष्ण हवेचा संबंध पाहूं. माणसास उकडलें म्हणजे घाम येतो व तो वाळतांना अंग गार होतें. डुकराच्या अंगीं ही सोय फारच थोडी. म्हणून तें चिखलांत लोळतें. नुसतें पाणी अंगावरून लौकर वाळतें. चिखलाचा लेप ओल धरून ठेवतो व गारवा बराच वेळ टिकतो. चैत्र-वैशाखांत ओढे आटले कीं कळप उरल्यासुरल्या डबक्यांच्या आसऱ्यानें राहतात, दिवसां करवंदीच्या जाळ्यांत पडून असतात आणि दिवस मावळल्यावर चरावयास निघतात. लोळून उठलेलें डुक्कर जवळच्या खोडावर अंग घासतें. त्या खोडावरील चिखल किती उंच लागला आहे यावरून जनावर केवढें तें कळतें, आणि चिखल ओला कीं वाळलेला यावरून तें केव्हां गेलें तें कळतें. असें खोड शिकाऱ्याला पुस्तकाच्या पानासारखें वाचतां येत असे.

यापुढचा धडा वाऱ्याचा. भूगोलांत आपण खारे वारे व मतलई वारे शिकतों. पावसाळा सोडला तर तारापूरच्या किनारपट्टींत दिवसां वारा समुद्रावरून जमिनीकडे, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो; रात्रीं जमीन लौकर निवते व वारा उलट फिरतो. म्हणून दुपारीं डबक्यावर नजर ठेवणाऱ्यानें डबक्याच्या पूर्वेस बसावें, आणि उत्तररात्रीं पश्चिमेस; म्हणजे जनावराचा वास आपल्याकडे येतो, आपला वास त्याच्याकडे जात नाहीं. अडचण अशी कीं सांजवेळीं, नेमकें डुक्कर बाहेर पडतें तेव्हांच, वारा पडतो किंवा फिरतो. शिवाय डोंगरउतारावर दिवसां हवा वर चढते व सायंकाळीं खालीं उतरते. म्हणून चिमूटभर राख सोडून ती कोणीकडे जाते हें पाहिल्यावांचून जागा धरूं नये.

एवढा खटाटोप कां? कारण धनुष्याचें बळ थोडें. बांबूचा कमठा जी शक्ति बाणास देतो ती १०० ज्यूलपर्यंतही क्वचितच पोंचते. मोठ्या शिकारीच्या बंदुकीच्या गोळींत दोन-तीन हजार ज्यूल असतात. गोळी मोठा आघात करते. बाण केवळ कापतो. लोखंडी पातें फुप्फुसांत किंवा हृदयांत शिरलें तरच जनावर लौकर पडतें. त्यांतच मोठ्या नराच्या खांद्यावर जाड व चिवट कातड्याची ढाल असते. म्हणून पंधरा-वीस पावलांपर्यंत जाऊन, जनावर आडवें किंवा किंचित् पाठमोरें उभें राहीपर्यंत वाट पाहावी लागे. बाण लागल्यावर लगेच पाठलाग केला तर जखमी डुक्कर दूर पळतें अथवा उलटून अंगावर येतें. फार वेळ थांबावें तर उष्ण हवेंत मांस नासतें. तीस-पस्तीस अंश उष्णतेंत कांहीं जंतु वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. थंड देशांत मांस टांगून ठेवतां येतें. येथें तें त्याच दिवशीं कापून वाटून टाकणें भाग. सर्व पाड्याला वांटा देण्याच्या रीतीस आपल्या हवेचाही आधार होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

अशा शिकारीचीं चित्रें वारल्यांच्या घरांच्या गेरूनें सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठानें काढलेलीं आढळतात. डहाणू तालुक्यांतील गंजाड गांवचे जिव्या सोमा मशे यांनीं ही कला जगापुढें नेली. त्यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली व २०१८ सालीं ते निवर्तले. इंग्रज अधिकाऱ्यांची तऱ्हा निराळी होती. ते घोड्यावर बसून भाल्यानें डुक्कर मारीत. बालवीर चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनीं १८८९ सालीं त्या खेळावर एक ग्रंथच लिहिला. अमेरिकेंत तर डुक्कर मूळचें नव्हेच. १५३९ सालीं स्पॅनिश दर्यावर्दी डी सोटो यानें फ्लॉरिडांत डुकरें उतरविलीं. पुढें अनेकांनीं आणलेलीं सुटून रानटी झालीं, आणि आज टेक्सससारख्या उष्ण प्रांतांत त्यांची धनुष्यानें शिकार करण्यास मोकळीक आहे. आपल्याकडे मात्र तें रानाचें मूळचें रहिवासी असून बिबट्याचें भक्ष्य आहे. तिकडचा नियम इकडे लागू करूं म्हटल्यास चालणार नाहीं, तें यामुळें.

आपला नियम असा : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें विनापरवानगी शिकार हा गुन्हा आहे, मग हत्यार बंदूक असो, फांस असो वा तीरकमठा. १९९१ च्या दुरुस्तीनें हौशी शिकारीचे परवानेही गेले. २००६ च्या वनहक्क कायद्यानें आदिवासींचे पुष्कळ परंपरागत हक्क मान्य केले, परंतु शिकारीचा हक्क त्यांतून स्पष्टपणें वगळला. उभ्या पिकास उपद्रव देणारें जनावर मारण्याची परवानगी वनाधिकारी लेखी देऊं शकतात. ती आपण होऊन घेतां येत नाहीं. ज्याचें वर्षाचें भात एका रात्रींत गेलें त्या शेतकऱ्यास हा नियम कठोर वाटतो, आणि त्याचें दुःख खोटें नाहीं. परंतु चोरून केलेल्या शिकारीनें काय होतें तेंही पाहावें. २०२५ सालीं पालघर तालुक्यांत बोरशेतीच्या रानांत डुकराच्या शिकारीस गेलेल्यांपैकीं एकानें डुक्कर समजून गोळी झाडली, ती सोबत्यास लागून त्याचा प्राण गेला. वीज सोडलेल्या तारा तर डुक्कर, गुरें व माणूस असा भेद जाणतच नाहींत. तीरकमठ्याच्या शिकाऱ्याला जनावर पुरतें दिसल्याखेरीज बाण सोडतां येत नसे. तो संयम हरवला आणि मारण्याची घाई तेवढी उरली, ही खरी हानि होय.

मग त्या जुन्या ज्ञानाचें काय करावें? तें राखणीच्या कामीं लावावें. डुक्कर कोणत्या पाणवठ्यावरून, कोणत्या वाटेनें, कोणत्या वेळीं येतें हें ज्यानें टिपलें, त्याला माळा कोठें बांधावा, सौरकुंपणाचा पैसा कोणत्या बांधावर आधीं खर्च करावा व लपणीचें झुडूप कोठलें तोडावें हें सांगतां येईल. राखणदाराला तर वाऱ्याचा नियम उलटा वापरावयाचा आहे : शिकारी आपला वास लपवीत असे, राखणदारानें आपला वास व आवाज डुकराकडे जाईल अशी जागा धरावी. इतकेंही करून नुकसान झालेंच तर पाऊलखुणा पुसण्यापूर्वीं छायाचित्र घेऊन वनविभागाकडे विनाविलंब अर्ज करावा.

राहिला नेम. राजस्थानांतील आदिवासी मुलगा लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर शिकून १९८८, १९९२ व १९९६ च्या ऑलिंपिकांत भारतातर्फे उतरला. २०२३ सालीं बर्लिन येथें साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे हीं दोघें धनुर्विद्येंत जगज्जेतीं झालीं. आपल्या पाड्यांवरील मुलांच्या हातांत तोच नेम असणें अशक्य नाहीं. घरीं आजोबांचा कमठा आढ्याला खोंवलेला असेल, तर तो कसा केला, बाण कशाचे व वारा ते कसा पाहत, हें या सुट्टींत त्यांना विचारून वहींत लिहून ठेवा. तें सांगणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत.