‘इन’चं पान: इंग्रजी शब्द फोडून शिकण्याची कृती

शब्दांची यादी घोकली की परीक्षेपुरती टिकते. एका उपसर्गाचे सगळे शब्द एका पानावर मांडले, तर नवा शब्द समोर आल्यावरही अर्थाचा अंदाज बांधता येतो. सुरुवात लॅटिनमधून आलेल्या ‘इन’ने करा.

साहित्य: वही, दोन रंगांची पेनं, शब्दकोश.

१. पानाच्या माथ्यावर ‘इन’ची चार रूपं लिहा: इन, इम, इल, इर. आपल्याकडे ‘निस्’चं निर्दोष, निष्फळ, निश्चल होतं, तसंच हे. पुढे पी, बी किंवा एम आला की ‘इम’ (इम्पॉसिबल), एल आला की ‘इल’ (इल्लीगल), आर आला की ‘इर’ (इर्रेग्युलर). स्पेलिंगमध्ये दोन एल किंवा दोन आर का येतात, याचं उत्तर इथेच मिळतं.

२. पानावर दोन रकाने आखा: ‘नाही’ आणि ‘आत’. इनकरेक्ट, इम्मॉरल पहिल्यात. इन्हेल, इम्पोर्ट, इंजेक्ट दुसऱ्यात. नकाराचा ‘इन’ बहुधा विशेषणाला लागतो, ‘आत’चा बहुधा क्रियापदाला.

३. उपसर्ग झाकून उरलेला भाग वाचा. ‘इलनेस’मधला ‘इल’ झाकला तर नुसतं ‘नेस’ उरतं. तिथे उपसर्ग नाहीच. मूळ शब्दच ‘इल’, म्हणजे आजारी. ‘इमेज’, ‘इंच’ हेही असेच. हे शब्द पानाबाहेर ठेवा.

४. फसवे शब्द दुसऱ्या रंगाने लिहा आणि शब्दकोशात तपासा. पेट्रोलच्या टँकरवरचं ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे चटकन पेट घेणारं. ‘न पेटणारं’ समजलात तर जिवावर बेतेल. हा धोका टाळण्यासाठीच हल्ली ‘फ्लेमेबल’ लिहितात, अर्थ तोच. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे, तर मोल करता येणार नाही असं, अमूल्य.

५. ‘आत’च्या रकान्यासमोर ‘बाहेर’च्या जोड्या लावा: इन्हेल–एक्सहेल, इम्पोर्ट–एक्स्पोर्ट, इन्क्लूड–एक्स्क्लूड. ‘एक्स’चं पान आपोआप सुरू होईल.

६. प्रत्येक शब्दाचं स्वतःचं एक वाक्य लिहा. वापरलेला शब्दच आपला होतो.

शिक्षकांनी आणि पालकांनी मुलांना अर्थ सांगण्याची घाई करू नये. आधी शब्द फोडू द्यावा, अंदाज करू द्यावा आणि मगच शब्दकोश हाती द्यावा.