चीडवृक्ष आणि आपला साग

पाइन अथवा चीड हा वृक्ष नांदेड-लातुराकडील मुलांनीं चित्रांत बहुधा पाहिलेला असतो, प्रत्यक्ष क्वचितच. तथापि त्याची आपणांस अगदींच ओळख नाहीं असें नव्हे. रंगांत घालावयाचें टर्पेंटाइन चिडाच्या चिकापासून निघतें, आणि सुक्या मेव्यांतील चिलगोजा हें हिमालयांतील एका चिडाचें बीं होय. हा वृक्ष वाढतो कसा, व आपल्या रानांत त्याच्या ठिकाणीं साग कां दिसतो, हें आज आपण पाहूं.

हिमालयाच्या उतारांवर आढळणाऱ्या चिडाचीं पानें सुईसारखीं बारीक असून तीन-तीनच्या जुडीनें येतात. पान अरुंद व मेणचट असल्यानें ओलावा कमी उडतो. सर्व पानें एकदम गळत नाहींत; म्हणून वृक्ष बाराही महिने हिरवा दिसतो. त्यास आंब्या-चिंचेसारखीं फळें येत नाहींत. एकाच झाडावर नर व मादी असे दोन प्रकारचे शंकु येतात, आणि पिवळा पराग वारा वाहून नेतो. मादीशंकु पिकण्यास सुमारें दोन वर्षें लागतात. नंतर त्याचे खवले उघडून पंख असलेलीं बीजें वाऱ्यावर उडतात. बीं फळांत झांकलेलें नसतें, म्हणून अशा वृक्षांस अनावृतबीज म्हणतात. बागेंतील सुरू चिडासारखा दिसतो. परंतु त्याच्या सुया हीं पानें नसून हिरव्या डहाळ्या होत.

सालीखालील एक पातळ थर दरवर्षीं नवें लांकूड घडवितो, आणि खोडांत वर्षाचें एक कडें उमटतें. हीं कडीं मोजून वृक्षाचें वय कळतें. कॅलिफोर्नियांतील एका जातीच्या चिडाचीं कांहीं झाडें साडेचार हजार वर्षांहून जुनीं आहेत.

आतां आपल्या घरचा वृक्ष पाहूं. नांदेड जिल्ह्यांत किनवटच्या डोंगराळ रानांत साग आहे. चिडाचें पान सुईएवढें, तर सागाचें सुपाएवढें! कोंवळें पान चोळलें असतां हात तांबडा होतो. एवढ्या रुंद पानांतून पुष्कळ पाणी उडून जाईल. म्हणून कोरड्या दिवसांत साग तीं सर्व टाकून देतो आणि पावसाबरोबर पुन्हां पालवतो. एकानें पान बारीक करून पाणी राखलें, दुसऱ्यानें पान टाकून. सागाच्या खोडांतही वार्षिक कडीं असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं त्यांवरून गतकाळच्या पर्जन्यमानाचा अभ्यास केला आहे.

पाणी राखण्याचा हा धडा आपणांसही हवा. २०१६ सालच्या एप्रिलांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, आणि त्या जिल्ह्यांत रान तर अत्यल्प. झाड लावल्यानें लागलीच पाऊस येतो असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्याचीं मुळें माती धरून ठेवतात व पडलेलें पाणी मुरण्यास साहाय्य करितात. मात्र जेथील वृक्ष तेथेंच शोभतो. निचऱ्याच्या उतारावर साग लावावा. काळ्या जमिनींत पाणी तुंबतें, तेथें तो नीट वाढत नाहीं, बाभूळ मात्र तग धरते. कोरड्या अंगणांत कडूनिंब बरा.

पालकांस आमची एवढीच विनंति कीं, मुलाकडून एक रोप लावून घ्यावें व पहिले दोन-तीन उन्हाळे त्यास पाणी घालावयास लावावें. मूळ खोल गेलें म्हणजे पुढचें काम झाड स्वतःच करील.