मोटारीची लेन सांभाळणारे यंत्र : मदत किती, भरवसा किती?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या पेठांतील कापड व्यापाऱ्याला वसुली आणि खरेदीसाठी सतत हायवेवर असावे लागते. आज तो नवी मोटार घ्यायला गेला की विक्रेता 'लेन असिस्ट' हा शब्द हमखास उच्चारतो आणि त्यासाठी वरचे मॉडेल घ्यायला सांगतो. ही चीज काय आहे, कुठे कामी येते आणि कुठे दगा देते, हे समजून मगच पैसे मोजावेत.

यंत्र काय पाहते?

प्रोसेस हाऊसमध्ये स्टेंटर मशीन पाहिलेल्यांना हे लवकर समजेल. तेथे कापडाचा काठ सरकला की सेन्सर ते ओळखतो आणि पिनांची रेल त्याप्रमाणे हलते. मोटारीतही तत्त्व तेच. समोरच्या काचेच्या आत, आरशाच्या मागे एक लहान कॅमेरा असतो. तो दर सेकंदाला रस्त्याची अनेक चित्रे घेतो. काळ्या डांबरावरील पांढरी किंवा पिवळी पट्टी शोधून गाडी तिच्यापासून किती अंतरावर आहे व कोणत्या कोनात सरकते आहे, याचा हिशोब संगणक करतो. इंडिकेटर न देता गाडी पट्टीकडे झुकली, तर चूक झाली असे यंत्र समजते.

पुढे तीन प्रकार आहेत. पहिला केवळ इशारा देतो. आवाज होतो किंवा स्टिअरिंग थरथरते. दुसरा पट्टीजवळ आल्यावर स्टिअरिंगची विजेची मोटर किंचित वळवून, काही गाड्यांत एका बाजूचे ब्रेक हलके लावून, गाडी आत आणतो. तिसरा गाडीला सतत लेनच्या मध्यावर ठेवतो. बोलताना तिन्हींना एकच नाव दिले जाते, म्हणून खरेदीपूर्वी नेमका कोणता प्रकार मिळणार हे विचारून घ्यावे.

फायदा खरा आहे

साडेतीन मीटर रुंदीच्या लेनमध्ये १.८ मीटर रुंदीची मोटार मधोमध असेल, तर दोन्ही बाजूंना सुमारे ८५ सेंटीमीटर जागा उरते. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. चालकाला डुलकी लागून गाडी सेकंदाला अर्धा मीटर बाजूला सरकू लागली, तर दोन सेकंदांच्या आत ती पट्टीवर येते. इतक्या कमी वेळात मिळालेला इशाराही जीव वाचवू शकतो.

जपानमध्ये निस्सान कंपनीने २००१ मध्ये सिमा या मोटारीत हे तंत्र आणले. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०१७ मध्ये अपघातांची नोंद तपासली. केवळ इशारा देणाऱ्या यंत्रामुळेही लेन सुटल्याने होणारे अपघात ११ टक्के, तर त्यातील जखमी करणारे अपघात २१ टक्के कमी आढळले. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींना लेन सांभाळणारे यंत्र सक्तीचे आहे. आपल्याकडे २०२१ च्या महिंद्र एक्सयूव्ही ७०० नंतर अनेक गाड्यांत ही सोय आली.

भरवसा कुठे ठेवू नये?

यंत्र बहुतांशी पट्टीच पाहते, ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पट्टी पुसलेली असेल, पावसाच्या पाण्यावर दिवे चमकत असतील, दुरुस्तीच्या जागी जुनी आणि नवी अशा दोन पट्ट्या असतील, तर ते गोंधळते किंवा मुकाट्याने बंद पडते. बऱ्याच गाड्यांत ते ताशी ६० किलोमीटरच्या आसपासच सुरू होते. म्हणजे बाजारपेठेच्या गल्लीत त्याचा उपयोग शून्य. समृद्धी महामार्गासारख्या आखीव रस्त्यावर ते चांगले चालेल, पण तेथून तालुक्याच्या रस्त्याला लागल्यावर तीच अपेक्षा ठेवू नये.

शिवाय ते चालकाला विश्रांती देत नाही. स्टिअरिंगवर हात नाही असे कळताच काही सेकंदांत गाडी ताकीद देते. डोळ्यांवर झोप असेल तर चहाच्या टपरीवर गाडी थांबवणे हाच इलाज आहे. माल तासभर उशिरा पोहोचला तर ग्राहक बोलेल, पण सौदा पुन्हा होतो. यंत्र असतानाही गाडीची जबाबदारी चालकाचीच राहते.

रोजच्या वापरासाठी

लेन बदलताना दरवेळी इंडिकेटर द्यावा. न दिल्यास स्टिअरिंग हाताला विरोध करते आणि नवखा माणूस घाबरतो. खड्डा किंवा दुचाकी चुकवताना असा विरोध जाणवला, तरी हात ठाम ठेवावेत. माणसाचा जोर यंत्राच्या जोरावर सहज मात करतो. कॅमेऱ्यापुढे स्टिकर लावू नये, काच स्वच्छ ठेवावी. समोरची काच बदलल्यास कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. त्याचा खर्च विम्यात बसतो का, हे पॉलिसी घेतानाच विचारावे. पगारी ड्रायव्हर असेल तर चावी देण्यापूर्वी त्याला हे सर्व समजावून सांगावे. ज्याला यंत्राची सवय नाही तो आवाजाला कंटाळून ते बंद करतो आणि मोजलेले पैसे वाया जातात.

ज्याचा प्रवास मुख्यतः हायवेवर आणि रात्रीचा आहे, त्याने या सोयीसाठी चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. ज्याची गाडी शहरातच फिरते, त्याने तेच पैसे चांगले टायर आणि ब्रेक यांवर खर्च करावेत.