नडगीचं हाड आणि यवतेश्वरचा घाट

प्रश्न : साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी करताना नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला. पाच आठवडे झाले, चालताना दुखत नाही. पळायला लागू का? घरी बसून जीव कासावीस होतो.

उत्तर : तुमची तगमग कळते. पण दुखणं थांबणं वेगळं आणि हाड भरून येणं वेगळं. अशा तड्याला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात, कधी जास्तही. सुरुवातीला तिथे येणारं नवं हाड कच्चं असतं, आणि शर्यतीच्या वाटेवरच्या यवतेश्वर घाटाच्या उतारावर पावलागणिक त्याचाच कस लागतो.

अंगठ्याने नडगीची आतली कड हलकेच दाबत खाली या. एका नेमक्या जागी कळ आली, तर थांबा. नाही आली, अर्धा तास भरभर चालूनही दुसऱ्या दिवशी ठणका नाही, आणि डॉक्टरांनी होकार दिला, तर १ मिनिट पळा, २ मिनिटं चाला. असं २० मिनिटं, दिवसाआड, सपाट मातीवर. तोवर पोहा. पोहल्याने दम टिकतो, पण म्हणून पाय तयार झाला असं समजू नका. बरेच जण इथेच फसतात.

वजन उतरवायला जेवण कमी केलं होतं का? तेही डॉक्टरांना सांगा. उपाशी शरीर हाड नीट बांधत नाही. यंदाची शर्यत मात्र सोडाच.